स्पेअर बॉल कसा निवडावा: साहित्य, वजन आणि ड्रिलिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या परिसरातील एका टेनपिन बोलिंग लीगमध्ये उजव्या हाताने खेळणारे एक गृहस्थ विचारतात की, १५ पौंडी रिअ‍ॅक्टिव्ह बॉलने, म्हणजे लेनवर पकड घेऊन वळणाऱ्या बॉलने, स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) बऱ्यापैकी पडतात आणि सरासरी १५०च्या आसपास आहे. परंतु उजव्या कोपऱ्यातील दहा नंबरची पिन एकटी उरली की बॉल नेमका तिच्या डावीकडून निघून जातो. त्यासाठी वेगळा प्लास्टिकचा बॉल घ्यावा का, घेतल्यास १३ पौंडी चालेल का, कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि घरात पडून असलेल्या जुन्या रिअ‍ॅक्टिव्ह बॉललाच पॉलिश करून काम भागेल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. लीगमध्ये खेळताना, नवख्यांना शिकवताना आणि प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या साहित्याच्या दुकानात, बॉलला बोटांची भोके ड्रिल करून देताना हे प्रश्न माझ्यापुढे वारंवार आलेले आहेत. प्लास्टिकचा बॉल जरूर घ्यावा, वजन शक्यतो तेच ठेवावे, कंपनीची फार चिकित्सा करू नये आणि त्यातून वाचलेले पैसे ड्रिलिंगवर खर्च करावेत, असे माझे उत्तर आहे. त्याची कारणे खाली देतो.

स्पेअरचे, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या सगळ्या पिना दुसऱ्या बॉलला पाडण्याचे, मोल किती, हे आधी पाहून घेऊ. गेममध्ये दहा फ्रेम असतात, आणि स्पेअर झाला की पुढच्या बॉलला पडलेल्या पिनाही त्या फ्रेमच्या गुणांत धरल्या जातात. प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या बॉलला ९ पिना आणि दुसऱ्या बॉलला उरलेली एक पिन पाडली, आणि दहाव्या फ्रेममधील जादा बॉललाही ९ मिळवल्या, तर एकही स्ट्राइक न मारता १९० गुण होतात. तीच एक पिन दहाही वेळा चुकली तर धावफलकावर ९० दिसतात. म्हणजे एकट्या उभ्या असलेल्या पिनवरचा प्रत्येक नेम साधारण १० गुणांचा असतो. १५० सरासरीच्या खेळाडूला एका गेममध्ये अशा दोन पिना अधिक पाडता आल्या, तर त्याची सरासरी कोणताही महागडा स्ट्राइक बॉल न घेता १७०च्या घरात जाते. असे असूनही बहुतेक जण दुसरा बॉल घेताना आणखी जास्त हूक, म्हणजे वळण, देणारा बॉल शोधतात, हे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

आता बॉल डावीकडूनच का जातो, ते पाहू. नेहमीच्या लीगसाठी लेनवर जे तेल घातले जाते, ते साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत असते, मध्यभागी दाट आणि दोन्ही कडांना विरळ. स्ट्राइकसाठी ही रचना सोयीची असते, कारण उजवीकडे थोडा जास्त गेलेला बॉल कोरड्या भागात पकड घेऊन परत आत येतो. दहा नंबरच्या पिनसाठी मात्र हीच रचना उलटते. ती पिन उजव्या कडेला आहे, बॉलला तिकडे जाताना शेवटी कोरड्या भागातूनच जावे लागते, आणि रिअ‍ॅक्टिव्ह बॉलचे पृष्ठ कोरडी जागा दिसताच वळण्यासाठीच बनवलेले असते. त्यात भर म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गेमपर्यंत तेल सरकते, इतरांच्या बॉलबरोबर निघूनही जाते. त्यामुळे पहिल्या गेममध्ये तीन बोर्ड (लेनच्या उभ्या पट्ट्या) वळणारा बॉल तिसऱ्या गेममध्ये सहा बोर्ड वळतो. खेळाडूला वाटते की आपला नेम चुकला. प्रत्यक्षात नेम तोच असतो, लेन बदललेली असते.

यातील अंतरे मोजून पाहिली की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. लेन सुमारे साडेएकेचाळीस इंच रुंद असते आणि तिच्यात ३९ बोर्ड असतात, म्हणजे एक बोर्ड एका इंचाहून किंचित मोठा. बॉलचा व्यास साधारण साडेआठ इंच, आणि पिनची सर्वांत जाड जागी रुंदी पावणेपाच इंच. बॉलचा मध्य पिनच्या मध्यापासून कोणत्याही बाजूला साडेसहा इंचांपर्यंत सरकला तरी पिनला स्पर्श होतोच. मोकळ्या जागी उभ्या असलेल्या पिनसाठी ही एकूण सुमारे १२ बोर्डांची मोकळीक झाली. पण दहा नंबरची पिन गटरच्या, म्हणजे लेनच्या बाजूच्या खोबणीच्या, कडेपासून तीन इंचांच्या आत उभी असते, त्यामुळे उजवीकडील मोकळीक गटरच खाऊन टाकते आणि हाती साधारण ९ बोर्ड उरतात. त्या ९ बोर्डांचा मध्य पिनच्या मध्यावर येत नाही, तो उजव्या कडेपासून चौथ्या-पाचव्या बोर्डावर येतो. हे ध्यानात न घेता जे खेळाडू थेट पिनच्या मध्यावर नेम धरतात, ते जवळजवळ सगळी सवलत डावीकडे ठेवून गटरशी सलगी करतात.

ही पिन लेनच्या कर्णावरून, म्हणजे डावीकडून उजवीकडे मारावी, हा जुना आणि योग्य सल्ला आहे. उजवीकडून बोर्ड मोजले तर बॉल फाउल लाइनवर, म्हणजे लेनच्या आरंभीच्या रेषेवर, २५व्या बोर्डाजवळ टेकवावा आणि सुमारे १५ फुटांवर लेनवर काढलेल्या बाणांपैकी मधल्या, म्हणजे २०व्या बोर्डावरील बाणावरून जाऊ द्यावा. बॉल सरळ गेला तर दहा नंबरच्या पिनच्या रांगेत तो साधारण चौथ्या बोर्डावर पोहोचतो, म्हणजे अगदी हवा तिथे. सरकता डावा पाय त्यासाठी ३१-३२व्या बोर्डावर थांबतो. डावखुऱ्यांनी हाच हिशेब डावीकडून मोजून डाव्या कोपऱ्यातील सात नंबरच्या पिनला लावावा. आता बाणावर एका बोर्डाची चूक झाली, तर ती पिनपर्यंत चार बोर्डांची होते. तेवढी चूक ९ बोर्डांच्या पट्टीत कशीबशी सामावते. परंतु त्याच वेळी बॉल स्वतःहून आणखी पाच-सहा बोर्ड डावीकडे वळणार असेल, तर चुकीला जागाच उरत नाही. स्पेअर बॉलचे सगळे काम या एका वाक्यात आहे: त्याने स्वतःहून काहीही करू नये.

हे काम पॉलिएस्टर, ज्याला सर्वजण प्लास्टिक म्हणतात, उत्तम करते. १९७०च्या दशकात हेच प्लास्टिक स्ट्राइकसाठी वापरले जात असे, आणि त्यातून हूक मिळवण्यासाठी लोकांनी काय काय केले, हे आज वाचताना गंमत वाटते. डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने आपले प्लास्टिक बॉल रासायनिक द्रावणात भिजवून त्यांचे पृष्ठ मऊ केले, १९७३च्या हंगामात स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर बॉलच्या कठीणपणाचे नियम आले. १९८०च्या दशकाच्या आरंभी युरेथेन आले, १९९०च्या दशकाच्या आरंभी रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आले, आणि प्लास्टिक स्ट्राइकच्या कामातून निवृत्त होऊन स्पेअरच्या कामावर रुजू झाले. रिअ‍ॅक्टिव्हचे पृष्ठ सूक्ष्म छिद्रांचे असते आणि ते तेल शोषते. कठीण, चकचकीत प्लास्टिक तेलही शोषत नाही आणि लेनला घट्ट धरतही नाही. दुसरा फरक आतील गाभ्यात आहे. स्ट्राइक बॉलच्या गाभ्याची रचना अशी असते की फिरताना बॉलचा आस सरकत जातो, आणि प्रत्येक फेऱ्याला पृष्ठाचा नवा, तेल न लागलेला पट्टा लेनला टेकतो. बहुतेक प्लास्टिक बॉलमध्ये नुसती चपटी वजनाची चकती असते. बॉल जवळपास एकाच पट्ट्यावर घरंगळतो, आणि त्या पट्ट्याला आधीच तेल लागलेले असल्याने तो आणखी सरळ जातो.

म्हणून दुकानात गेल्यावर दोनच गोष्टी विचाराव्यात: पृष्ठ पॉलिएस्टरचे आहे का, आणि गाभा साधा आहे का. स्टॉर्मचा आइस, ब्रन्सविकचा टी-झोन, कोलंबिया ३००चा व्हाइट डॉट, एबोनाइटचा मॅक्सिम हे सगळे या वर्गातील आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणता घेतला यावरून तुमच्या सरासरीत फरक पडेल असे मला वाटत नाही. रंग आवडेल तो घ्यावा. आत कवटी किंवा फूल दिसणारे पारदर्शक बॉलही पॉलिएस्टरचेच असतात, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. सावध राहायचे ते नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त बॉलबाबत. त्यांतील काही सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह किंवा युरेथेन असतात. युरेथेन कमी वळते, पण ते लवकर पकड घेते, आणि कोरड्या कडेवर तिरका बॉल टाकताना नेमके हेच नको असते. विक्रेता ‘हा फारसा वळत नाही’ म्हणाला, तरी खोक्यावर पृष्ठाचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता ड्रिलिंगकडे येतो, कारण माझ्या मते निवडीचा खरा भाग इथे आहे आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात. बॉल स्वस्त आहे, कधीमधी वापरायचा आहे, म्हणून साधी भोके पाडून घेतली जातात. स्ट्राइक बॉलला फिंगरटिप ग्रिप, म्हणजे मधले बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत. आणि स्पेअर बॉलला मात्र दुसऱ्या पेरापर्यंत बोटे जाणारी जुनी पकड. असा खेळाडू प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळे हात घेऊन खेळतो. अंगठा आणि बोटांमधील अंतर, म्हणजे स्पॅन, इंचाच्या आठव्या हिश्श्यानेही बदलले तर हाताला ते कळते. स्पॅन लांब झाला तर अंगठा ताणला जातो आणि अडकतो, आखूड झाला तर हात नकळत बॉल आवळतो. दोन्ही वेळा बॉल ठरलेल्या क्षणी सुटत नाही. सरळ जाणारा बॉल विकत घेऊन त्याला वेळेवर सोडता आले नाही, तर पॉलिएस्टर काय आणि रिअ‍ॅक्टिव्ह काय.

त्यामुळे प्रो शॉपमध्ये स्ट्राइक बॉल बरोबर न्यावा आणि ड्रिलरला स्पष्ट सांगावे की स्पॅन, भोकांचे कोन, बोटांच्या रबरी इन्सर्टचा आकार आणि प्रकार हे सगळे यासारखेच हवे आहे. अंगठ्याबाबत विशेष आग्रह धरावा. स्ट्राइक बॉलमध्ये अंगठ्यासाठी स्लग, म्हणजे वेगळ्या साहित्याची नळकांडी बसवून तिच्यात भोक केलेले असेल, तर स्पेअर बॉलमध्येही त्याच साहित्याचा स्लग बसवून घ्यावा. नुसत्या पॉलिएस्टरमध्ये पाडलेले भोक त्याच मापाचे असले तरी अंगठ्याला वेगळे लागते, घाम आल्यावर तर फारच वेगळे. याहून सोयीचा उपाय म्हणजे काढता-घालता येणारा अंगठा: फिरवून निघणारी एकच नळी दोन्ही बॉलमध्ये बसते, आणि तिच्यात लावलेल्या टेपचे थरसुद्धा तेच राहतात. संध्याकाळभरात अंगठा सुजतो किंवा आकसतो, तेव्हा एका जागी केलेली दुरुस्ती दोन्हीकडे लागू पडते. सुरुवातीचा खर्च थोडा वाढतो, पण स्पेअर बॉलवर खर्च करण्यासारखी हीच एक चैन आहे. गाभा साधा असल्याने भोके चकतीच्या संदर्भात कुठे पाडावीत याची मोठी चर्चा करण्याची गरज नाही. चकतीची जागा दाखवणारी बॉलवरील खूण पकडीच्या मध्यभागी ठेवली की पुरते.

वजनाचा प्रश्न उरतो. एक पिन साधारण साडेतीन पौंडांची असते. तिला पाडायला १३ पौंड पुरेसे आहेत, १० पौंडही पुरतील. या दृष्टीने हलका बॉल चालतो, हे म्हणणे चूक नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हाताचा झोका बॉलच्या वजनावर बसलेला असतो. १५ पौंडांची सवय असलेल्या हातात १३ पौंड आले की हात झोक्याला सोडून बॉल ढकलू लागतो, खांदा फिरतो, आणि बॉल ठरलेल्या रेषेच्या आत ओढला जातो, म्हणजे पुन्हा डावीकडेच. म्हणून १५ला १५. तिसऱ्या गेमपर्यंत मनगट किंवा कोपर दुखत असेल तर १४ घ्यावा. एका पौंडाचा फरक हात सहज पचवतो. दोन पौंडांचा फरक मी कोणालाही सुचवत नाही. मनगट खरोखरच दुखत असेल, तर दोन्ही बॉल १४ पौंडी करण्याचा विचार अधिक शहाणपणाचा ठरेल.

प्लास्टिकचा बॉल हाती आला म्हणजे प्रत्येक स्पेअर त्यानेच मारावा, असे मात्र नाही. एकट्या पिना, मग त्या कोपऱ्यातील असोत की मधल्या, त्याच्याकडे सोपवाव्यात. तीन आणि दहाच्या छोट्या स्प्लिटलाही, म्हणजे मध्ये अंतर ठेवून उरलेल्या पिनांनाही, तो चांगला, कारण तीन नंबरच्या उजव्या अंगाला लागून बॉल उजवीकडे ढळला तर ते आपल्या फायद्याचेच असते. पण एकामागे एक लपलेल्या पिना, म्हणजे दोन-आठ किंवा तीन-नऊ, आणि दोन-चार-पाच-आठ हा चौकडीचा गठ्ठा, इथे सरळ आलेला बॉल पुढच्या पिनला जरा कडेने लागला की बाजूला फेकला जातो आणि मागची पिन तशीच उभी राहते. उजव्या हाताच्या खेळाडूने दोन-आठ आणि चौकडीसाठी स्ट्राइक बॉलच वापरावा आणि पाय काही बोर्ड उजवीकडे सरकवून नेहमीच्याच बाणावर नेम धरावा, असे माझे मत आहे. हूक होऊन आत शिरणारा बॉल पुढच्या पिनमधून मागच्या पिनपर्यंत जोर टिकवतो. अनेक चांगले खेळाडू सगळे स्पेअर प्लास्टिकने मारतात आणि मारूही शकतात, परंतु त्यांची अचूकता १५० सरासरीच्या खेळाडूने गृहीत धरू नये.

बॉल बदलला तरी हात न बदलल्यास काही जणांचा प्लास्टिक बॉलही वळतो. जोरात फिरवणाऱ्यांना, आणि विशेषतः दोन्ही हातांनी टाकणाऱ्यांना, हा अनुभव येतोच. अशा वेळी तळवा शेवटपर्यंत बॉलच्या मागे ठेवावा, सोडताना मनगट बाजूने फिरवू नये, आणि वेग थोडा वाढवावा, म्हणजे बॉल पुढच्या दिशेने घरंगळतो. तरीही दोन-तीन बोर्ड वळण राहिले तर घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक वेळी तेवढेच वळत असेल तर ते हिशेबात घेता येते. सराव करताना मात्र एक पथ्य पाळावे: पिना पूर्ण उभ्या असतानाही काही फ्रेममध्ये पहिलाच बॉल प्लास्टिकचा घेऊन दहा नंबरची एकटीच पाडण्याचा प्रयत्न करावा. नऊ उभ्या आणि एक पडलेली, असे चित्र दिसू लागले की रेषा बसली असे समजावे.

जुना, वापरलेला प्लास्टिक बॉल मिळत असेल तर तोही चालतो. हे साहित्य तेल पीत नसल्याने वर्षानुवर्षे टिकते. त्याची जुनी भोके भरून तो पुन्हा आपल्या मापाने ड्रिल करता येतो. अमेरिकेतील मान्यताप्राप्त लीगसाठी एक गोष्ट तपासावी: ऑगस्ट २०२०पासून वजन जुळवण्यासाठी पाडलेले जादा भोक चालत नाही, त्यामुळे जुन्या बॉलला ते असेल तर बुजवून घ्यावे लागते. पुढील निगा सोपी आहे. दर फेकीपूर्वी कापडाने पुसणे, अधूनमधून पॉलिश करणे, आणि पृष्ठावर सँडपेपर कधीही न फिरवणे. खरवडलेले प्लास्टिक पकड घेऊ लागते, आणि मग ते विकत घेण्याचा हेतूच संपतो.

मुंबई-पुण्यातील मॉलमध्ये हौसेने खेळणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. तिथे भाड्याने मिळणारे बॉल बहुधा प्लास्टिकचेच असतात, परंतु त्यांची भोके कोणाच्याच हाताची नसतात. अशा खेळाडूने पहिला स्वतःचा बॉल घ्यायचा ठरवला, तर तो स्वतःच्या मापाचा प्लास्टिक बॉल असावा. पुढे हूक शिकल्यावर दुसरा घेता येईल आणि पहिला आपोआप स्पेअर बॉल होईल. फक्त ड्रिलिंगची सोय मोजक्याच शहरांत आहे, ती आधी शोधावी आणि मग बॉल मागवावा.

शेवटचा प्रश्न जुन्या रिअ‍ॅक्टिव्ह बॉलला पॉलिश करण्याचा. पॉलिशने त्याचे वळण उशिरा सुरू होते, ते थांबत नाही. उलट तेल संपल्यावर तो अधिक तीव्र कोनात वळू शकतो. बॉल जुना होऊन ‘मेला’ असला तरी आतील गाभा तसाच असतो, आस तसाच सरकतो, आणि कोरड्या कडेवर तो कधी दोन बोर्ड वळेल आणि कधी सहा, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा त्या बॉलमधील तेल काढून घ्यावे, पृष्ठ पूर्ववत करून घ्यावे, आणि लेन फार कोरड्या झाल्या की नव्या स्ट्राइक बॉलऐवजी पहिल्या फेकीसाठी तो वापरून पाहावा. दहा नंबरची पिन समोर असेल, तेव्हा मात्र तो रॅकवरच राहू द्यावा.